मैदानाच्या कडेला : बहार झाडावरच विकला, मग तोडणी त्याच्या वेळेनं

मागच्या अंकात विचारलं होतं की मोठ्या स्पर्धांमधला पैसा पाहून तुमच्या मनात काय येतं ते कळवा. पोस्टकार्डं दोनच आली, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर, काही तर व्हॉइस मेसेज, एका भाऊंनी वावरातून पाठवलेल्या मेसेजमध्ये मागं मोटारीचा आवाज येत होता. सगळे प्रश्न घेता आले नाहीत. नावं कुणाचीच टाकली नाहीत, तालुका तेवढा टाकला, कारण एक-दोन गोष्टी घरातल्या आहेत.

प्रश्न : सर, आमच्याकडं आठवड्यातले काही दिवस थ्री फेज रात्रीच असते, बाराला मोटार लावायला निघा लागते. आयपीएलची मॅच साडेसातला सुरू होते, साडेअकरा वाजतात संपायला. पोट्ट्यांची सकाळी शाळा असते. एवढ्या उशिरा काहून ठेवतात? - वाचक, ता. वरुड

उत्तर : भाऊ, तुम्ही वरुडचे, म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. संत्र्याचा बगीचा उक्ता देता ना? फळ अजून हिरवं असतं, व्यापारी येतो, चार ओळी फिरून पाहतो, मनात अंदाज बांधतो, इसार देतो, आणि त्या दिवसापासून जमीन तुमची, झाडं तुमची, पण बहार त्याचा. तोडणी कधी ते तो ठरवतो. तुम्ही म्हणाल पुढच्या आठवड्यात पोरीचं लग्न आहे जरा थांबा, तर तो थांबत नाही, त्याला तिकडच्या मंडीचा भाव पाहायचा असतो. क्रिकेट बोर्डानं नेमकं हेच केलं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच सीझनचे दाखवायचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. हिशोब ४१० मॅचचा धरला होता, म्हणजे मॅचमागे ११८ कोटी, आणि एका मॅचचे २४० बॉल धरले तर एका बॉलमागे ४९ लाखांच्या आसपास. मी कागदावर दोनदा गुणाकार-भागाकार करून पाहिला, खरंच तेवढेच येतात. आता एका बॉलला ४९ लाख मोजणारा माणूस शनिवार-रविवारची एखादी दुपार सोडली तर मॅच दुपारी ठेवेल का, जेव्हा तुम्ही वावरात आणि शहरातले लोक ऑफिसात? त्याला सगळं घर जेवायला एका जागी बसलेलं पाहिजे, तेव्हाच जाहिरातीला भाव येतो. तुमची झोप त्याच्या हिशोबात कुठंच नाही.

आणि हे आपल्याकडंच आहे असं नका समजू. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची फायनल, सगळ्या जगाचं लक्ष असलेली, दुपारी दीडला पळवली, कारण तेव्हा अमेरिकेत रात्र होती आणि लोक टीव्हीसमोर होते. १९९४ चा फुटबॉल वर्ल्ड कप अमेरिकेत झाला तर उलटं, तिथं युरोपची संध्याकाळ सांभाळायची म्हणून जून-जुलैच्या भर दुपारी मॅचेस, पासाडेनाची फायनल दुपारी साडेबाराला. आपण एप्रिलात साडेबाराला बैलसुद्धा जुंपत नाही. २००८ ला बीजिंगमध्ये पोहण्याच्या फायनल सकाळी घेतल्या, नाहीतर त्या संध्याकाळी असतात, पण मायकल फेल्प्सला अमेरिकेच्या प्राइम टाइमला दाखवायचं होतं. त्यानं आठ गोल्ड जिंकली, ती चीनमधल्या लोकांना सकाळी पाहावी लागली. या सगळ्यात मोठा खरेदीदार कोण ते पाहा म्हणजे घड्याळ का हललं ते कळतं, अमेरिकेच्या एनबीसी या टीव्ही कंपनीनं २०१४ मध्ये पुढच्या ऑलिम्पिकचे हक्क २०३२ पर्यंत ७६५ कोटी डॉलरला एकदम घेऊन टाकले.

आता घड्याळ आपल्याकडं वळलं आहे, ते पण सांगतो. २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. न्यूयॉर्कजवळ तात्पुरतं स्टेडियम उभारलं, पिचसुद्धा दुसरीकडं वाढवून ट्रकनं आणून बसवलं, बॉल कधी छातीवर यायचा कधी घोट्याशी राहायचा, आणि भारत-पाकिस्तान मॅच तिथल्या सकाळी साडेदहाला सुरू केली, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे आठ. भारत सेमीफायनलला पोचला तर गयानातच खेळणार हेही आधीच ठरलेलं, तिथंही सकाळी साडेदहा. बाकीच्या टीमला हे टोचलं आणि त्यांचं टोचणं मला बरोबर वाटतं. आपण जिंकलो याचा मला आनंद आहे, पण मोठा गिऱ्हाईक आपण आहोत म्हणून वेळ आणि गाव आपल्या सोयीचं झालं हे कबूल केलं पाहिजे.

एक सांगायचं राहिलं. या पाच वर्षांच्या सौद्यात टीव्हीचे हक्क एका कंपनीला आणि मोबाइलचे दुसरीला गेले होते, २०२४ च्या शेवटी त्या दोन कंपन्या एक झाल्या. मंडीत व्यापारी एकच उरला की पुढच्या वर्षी भाव कोण करतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळं पुढच्या लिलावाकडं माझं लक्ष आहे.

पोट्ट्यांना पहिली इनिंग पाहू द्या आणि झोपवा, बाकीचं सकाळी दहा मिनिटात दिसतं.

प्रश्न : मॅचमधे मधातच खेळ थांबवून जाहिराती लावतात ते टाइमआऊट खेळाडूसाठी असते का कंपनीसाठी? - वाचक, ता. मूर्तिजापूर

उत्तर : नाव स्ट्रॅटेजिक टाइमआऊट, पण स्ट्रॅटेजी जाहिरातीची. २००९ ला आयपीएल साउथ आफ्रिकेत झाली तेव्हा हे आणलं, एका इनिंगमध्ये एकदम साडेसात मिनिटं खेळ बंद, खेळाडू सुद्धा वैतागले, लय तुटते म्हणून. मग २०१० पासून अडीच-अडीच मिनिटांचे दोन तुकडे केले. मॅचभराचे दहा मिनिटं होतात आणि त्या ब्रेकला सुद्धा स्पॉन्सरचं नाव लावून विकतात.

पण टीव्हीसाठी केलेला प्रत्येक बदल वाईट असतो असं मी म्हणणार नाही, मी आयुष्यभर शाळेत कबड्डी शिकवली म्हणून सांगतो. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, रेडला म्हणजे चढाईला ३० सेकंद, दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, पॉइंट आणा नाहीतर बाहेर बसा. आधी आमच्या गावच्या टुर्नामेंटमध्ये लीड घेतलेली टीम शेवटची पाच मिनिटं नुसती लाइन शिवून परत यायची, पाहणारे उठून चहाला जायचे. तो कंटाळा या नियमानं मारला. आणि खेळाडूच्या हातात काय पडलं ते पाहा, पहिल्या वर्षी लिलावात सगळ्यात महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला, २०१८ ला दीड कोटीच्या वर गेला. हरियाणातल्या, आपल्या खेड्यातल्या मातीत घसरून गुडघे फोडणाऱ्या पोरांचा हा पैसा आहे, मला त्याबद्दल काही वाईट वाटत नाही. माती मात्र गेली. मॅटवरचा खेळ वेगळा, बूट घालून खेळायचा, आणि जिल्ह्याला मॅट असते म्हणून गावातल्या मातीवरच्या पोरी तिथं जाऊन पहिल्याच मॅचला हरतात, त्यावर शेवटी एक प्रश्न आला आहे.

प्रश्न : सर, माझा मुलगा बारावी होऊन घरी आहे. दोन वर्षं तो मोबाइलवर टीम लावायचा, ३९ रुपये, ४९ रुपये असे. मला वाटलं क्रिकेटच आहे, वाईट संगतीपेक्षा बरं. सोयाबीन विकलं तेव्हाचे पैसे त्याच्या खात्यात होते, त्यातले ६२ हजार कमी निघाले. ते ॲप आता बंद झालं म्हणतो पण टेलिग्रामवर कोणी लिंक पाठवते, त्याच्यावर चालूच आहे. बापाला अजून सांगितलं नाही. काय करू? - एक आई, ता. आर्वी

उत्तर : ताई, तुमचा मेसेज मी तीनदा वाचला. आधी काय करायचं ते सांगतो, बाकी नंतर.

आजच्या आज त्याच्या बापाला सांगा, तुम्ही दोघं मिळून, आणि पोराला समोर बसवून, पण मारझोड नाही, गावभर करणं नाही. शरमेपायी पोट्टे काहीबाही करून बसतात, आपल्या भागात हे आपण पाहिलं आहे. त्याला शांतपणे विचारा की अजून कुणाचे देणं आहे का, मित्राकडून, पतसंस्थेतून, मोबाइलवरच्या लोन ॲपवरून, कारण ६२ हजार तुम्हाला दिसले तेवढेच असतील असं नाही. शेतीचे पैसे उद्याच बँकेत जाऊन तुमच्या नावावरच्या खात्यात वळते करा आणि त्या खात्याला त्याच्या फोनवरचं यूपीआय जोडलेलं नको. टेलिग्रामवरची लिंक उघड बेकायदा सट्ट्याची आहे, तिथं जिंकलेले पैसे सुद्धा काढू देत नाहीत, फसवणूक झाली असेल तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा, जेवढा उशीर तेवढी पैसे अडकवायची आशा कमी. आणि त्याला झोप येत नसेल, चिडचिड होत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. हे व्यसन आहे ताई, तंबाखू-सुपारीच्या खर्र्यासारखंच, नुसतं पुन्हा खेळणार नाही अशी शपथ घेऊन ते सुटत नाही.

तो गुन्हेगार नाही हे पण त्याला सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्यात असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कायद्यानं त्याला फसलेला धरलं आहे.

आता तुम्ही म्हणता क्रिकेटच आहे असं वाटलं, तर ताई, तुम्हाला तसं वाटावं म्हणूनच तर एवढा खर्च केला होता. ड्रीम इलेव्हन या पैसे टाकून टीम लावायच्या ॲपचं नाव २०२३ पासून थेट भारताच्या टीमच्या जर्सीवर होतं, त्यासाठी बोर्डाला ३५८ कोटी द्यायचं ठरलं होतं. ज्याला आपलं पोरगं देव मानतं त्याच्या छातीवर ते नाव, मग आईनं संशय कसा घ्यावा? कायदा झाला आणि काही दिवसांतच तो करार तुटला, सप्टेंबरात आशिया कपला आपली टीम कोऱ्या जर्सीवर खेळली, मग टायरची कंपनी आली. पण हे सगळं होईपर्यंत अशा कंपन्यांची जाहिरात वर्षानुवर्षं घराघरात चालली आणि त्यात शेवटी भराभर वाचून टाकायचे ते एक वाक्य, की याची सवय लागू शकते, आर्थिक जोखीम आहे. ते वाक्य मी जाणूनबुजून ऐकायचा प्रयत्न केला तरी पूर्ण कळायचं नाही.

मी स्वतः पाहिलेलं एक सांगतो. २०२३ च्या वर्ल्ड कपात आमच्या गावच्या पानठेल्यावर पंधरा-वीस जण मॅच पाहत होतो, ठेलेवाल्यानं छोटा टीव्ही वर टांगला होता. आपला बॅट्समन आऊट झाला, सगळे अरेरे करून गप्प झाले, आणि मागून एका पोट्ट्यानं मांडीवर थाप मारून म्हटलं, "गेला! बेस्ट!" सगळे वळून पाहायला लागले. तो बॉलर त्यानं मोबाइलवर लावलेल्या टीमचा कॅप्टन होता, त्याला डबल पॉइंट मिळाले होते. ते पोट्टं माझ्या हाताखाली शिकलेलं, पाचवीत असताना भारत हरला म्हणून डबा न खाता बसलं होतं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की जर्सीवर नाव विकलं तेव्हा फक्त कापड नाही विकलं.

आणि या खेळाचं गणित पोराला वहीवर मांडून दाखवा. लाखो लोक ४९ रुपये टाकतात, त्यातून कंपनीचा हिस्सा आधी बाजूला जातो, उरलेल्यातून वरच्या मोजक्या लोकांना मोठी रक्कम, खालच्या काहींना टाकलेले परत आल्यासारखे, बाकी सगळ्यांचे गेले. सगळ्यांनी मिळून जेवढे टाकले तेवढे सगळ्यांना मिळून कधीच परत येत नाहीत. आपला मुलगा हुशार असेल तर हे एकदा लिहून पाहिल्यावर त्याला पटेल.

प्रश्न : फ्री डिशवर भारताची मॅच दिसते पण आयपीएल नाही, आणि बाजूच्याकडं केबल आहे तर त्याच्या डीडी स्पोर्ट्सवर ऐन मॅचच्या वेळी दुसरंच काही लागते. हा काय प्रकार? - वाचक, ता. मेहकर

उत्तर : यामागं मोठी लढाई आहे, थोडक्यात सांगतो. १९८३ ला कपिलच्या टीमनं वर्ल्ड कप आणला तेव्हा बोर्डाकडं खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते, लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून २० लाख जमले आणि खेळाडूंना एक-एक लाख दिले. त्यानंतर दहा वर्षांनी सुद्धा दूरदर्शन मॅच दाखवायचे बोर्डाकडूनच पैसे मागायचं, मॅचमागे पाच लाख. मग बोर्डानं हक्क बाहेर विकले, भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९५ ला कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी सरकारच्या एकट्याच्या मालकीच्या नाहीत, त्या जनतेच्या आहेत. तिथून खासगी चॅनेलवाल्यांसाठी दार उघडलं आणि बोर्ड श्रीमंत झालं.

पण मग गरिबाची मॅच बंद पडायला लागली म्हणून २००७ ला कायदा आला, की देशासाठी महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या मॅचेसचं चित्र खासगी चॅनेलनं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचंच. आयपीएल त्या यादीत नाही, म्हणून ती फ्री डिशवर नाही. आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टानं ठरवलं की दूरदर्शननं ते चित्र आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दाखवावं, खासगी केबलवाल्याला देऊ नये, म्हणून तुमच्या शेजाऱ्याला दिसत नाही. मला हा निकाल कायद्याच्या भाषेत समजतो पण मनाला पटत नाही. लहरी जनतेच्या आहेत म्हणता, मग केबलवाला जनतेत येत नाही का?

प्रश्न : प्रत्येक वर्ल्ड कपात पाकिस्तान आपल्याच गटात कसा येतो, चिठ्ठ्या काढत नाहीत का? - वाचक, ता. काटोल

उत्तर : नाही काढत. २०१३ पासून आयसीसी या क्रिकेटच्या जागतिक संघटनेच्या वन-डे आणि टी-ट्वेंटीच्या प्रत्येक मोठ्या पुरुष स्पर्धेत दोन्ही टीम एका गटात आहेत किंवा सगळ्यांशी सगळे असा फॉरमॅट आहे. ही एक मॅच गॅरंटीनं मिळेल म्हणून चॅनेल एवढे पैसे देतं. या पैशातला ३८.५ टक्के वाटा २०२४ ते २०२७ मध्ये एकट्या आपल्या बोर्डाला आहे, इंग्लंडला ७ टक्क्यांच्या आत. पैसा आपल्या लोकांमुळं येतो हे खरं, पण वेस्ट इंडिजसारखी टीम, जिच्या फास्ट बॉलर्सचे फोटो आम्ही वहीवर चिकटवायचो, ती अशी वाळत जाताना पाहवत नाही.

प्रश्न : आता २०३० चे कॉमनवेल्थ अहमदाबादला आणि पुढं ऑलिम्पिक पण आणायचं म्हणतात. आपल्याला काय फायदा? - वाचक, ता. चिखली

उत्तर : मला २०१६ चा उन्हाळा आठवतो. आपल्याकडं आणि मराठवाड्यात टँकर चालू होते, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि इकडं आयपीएलसाठी मैदानं भिजवायची होती. मुंबई हायकोर्टात याचिका गेली, महाराष्ट्रातल्या सगळ्या मैदानांना मिळून सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असा त्यातला आकडा होता, आणि कोर्टानं ३० एप्रिलनंतरच्या मॅचेस राज्याबाहेर न्यायला लावल्या. मुंबईची फायनल बंगळुरूला गेली, नागपूरच्या जामठ्याला होणाऱ्या मॅचेस सुद्धा गेल्या. तेव्हा पुष्कळ जण म्हणाले की ६० लाख लिटर म्हणजे काहीच नाही, एका साखर कारखान्याला त्याच्यापेक्षा जास्त लागतं. आकडा म्हणून ते बरोबर असेल. पण रात्री दोनला हापशीवर नंबर लावून बसलेल्या बाईला टीव्हीवर हिरवंगार मैदान दाखवणं मला तेव्हाही बरोबर वाटलं नाही, आजही नाही वाटत.

मोठ्या स्पर्धेचा हिशोब असा असतो की तिकडची संघटना टीव्हीचे आणि स्पॉन्सरचे पैसे घेऊन जाते, आणि स्टेडियम, रस्ते, पोलीस हा खर्च भरवणाऱ्या देशाच्या डोक्यावर राहतो. मॉन्ट्रियलनं १९७६ ला ऑलिम्पिक घेतलं, त्याचं कर्ज २००६ ला फिटलं. तीस वर्षं! आपल्याकडं विहिरीचं कर्ज सुद्धा त्याच्या आधी फिटते किंवा माफ होते. ब्राझीलनं २०१४ ला जंगलातल्या मनौस शहरात मोठं स्टेडियम बांधलं, तिथं फुटबॉल वर्ल्ड कपच्या चारच मॅच झाल्या, आणि त्या शहराची टीम देशाच्या वरच्या लीगमध्ये नव्हतीच. ब्राझीलमध्ये स्टेडियमात दारू बंद होती, बिअर कंपनी फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची स्पॉन्सर, तर फिफानं कायदाच बदलून घेतला. एका देशाच्या संसदेनं बिअरसाठी कायदा बदलावा, यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. २०२६ चे कॉमनवेल्थ ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं घेतले होते, खर्च हाताबाहेर जातो आहे दिसल्यावर २०२३ ला सरळ नाही म्हटलं. ती हिंमत मला आवडली.

फायदा झाल्याचं उदाहरण पण आहे, १९८४ चं लॉस एंजेलिस. त्यांनी नवीन बांधकाम कमीत कमी केलं, जुनीच स्टेडियमं आणि कॉलेजची होस्टेलं वापरली, पैसा खासगी स्पॉन्सरकडून आणला आणि २० कोटी डॉलरच्या वर शिल्लक टाकली. म्हणजे आधीपासून आहे ते वापरलं तर जमतं. आपल्याला फायदा व्हायचा तर अहमदाबादेत किती कोटींचं काय बांधलं यापेक्षा चिखलीच्या तालुका क्रीडा संकुलाला कुलूप आहे का ते पाहा, असेल तर फोटो काढून पाठवा, आपण छापू.

प्रश्न : आमच्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, आधी ढाल आणि फेटा मिळायचा, आता टू-व्हीलर असते. पण सगळीकडं पुढाऱ्यांचे बॅनर, आणि यंदा पाहुणे यायचे म्हणून जोड्या अडीच तास उन्हात उभ्या ठेवल्या. - जोडीवाला, ता. साकोली

उत्तर : भाऊ, सोलची दुपारी दीडची फायनल वर सांगितली ना, हे तेच आहे, पैसा ज्याचा त्याचं घड्याळ. बॅनर लावू द्या, नारळ फोडू द्या, पण पटाची वेळ कमिटीनं आधी छापावी आणि पाहुणा आला नाही तरी त्या वेळेला जोडी सुटलीच पाहिजे. तुम्ही जोडीवाले एक झालात तर कमिटीला ऐकावंच लागेल, कारण बैलच नसतील तर पाहुणा कुणाला हात दाखवणार? आणि २०१४ ला कोर्टाच्या बंदीनं पट बसला होता हे विसरू नका. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानं ती पक्की केली, पण जनावराला त्रास होणार नाही या अटीवर. मधल्या सात वर्षांत पटाच्या रात्रीची झाडीपट्टीची नाटकं सुद्धा कमी झाली होती, मंडळींचं पोट त्याच्यावर होतं. एका पाहुण्याच्या गाडीसाठी ते पुन्हा धोक्यात घालू नका.

प्रश्न : विदर्भानं तीनदा रणजी जिंकली, टीव्हीवर कुणी दाखवत नाही. आयपीएल नाही खेळला तर पोरानं क्रिकेटमधे जाऊन काय मिळते? - वाचक, ता. दारव्हा

उत्तर : २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, तिन्ही माझ्या पाठ आहेत! मिळतं भाऊ, आधीपेक्षा पुष्कळ मिळतं, रणजीत खेळणाऱ्याला अनुभवाप्रमाणं दिवसाला ४० ते ६० हजार मॅच फी आहे आणि ती ह्याच टीव्हीच्या पैशातून येते, म्हणून मी पैशाला सरसकट शिव्या देत नाही. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून खेळला. पण रणजीच्या टीममध्ये जागा पंधरा-सोळा आणि मैदानावर पोट्टे हजारो, त्यामुळं दहावी-बारावी सोडून नको.

प्रश्न : सर, मी नववीत आहे, कबड्डी टीमची कॅप्टन. आम्ही मातीवर खेळतो आणि जिल्ह्याला मॅटवर घसरतो. गावातले एक सुपारीचे व्यापारी मॅट आणि जर्सी देतो म्हणतात, पण जर्सीवर त्यांच्या सुगंधी सुपारीचं नाव टाकायचं. मॅडम म्हणतात घेऊन टाका. घ्यायचं का? - विद्यार्थिनी, ता. धामणगाव रेल्वे

उत्तर : बेटा, नको घेऊ. तुझ्या मॅडमचं मन मला कळतं, मॅटला लाखो रुपये लागतात आणि शाळेकडं खडूला पैसे नसतात. पण ऐक. १९९६ चा क्रिकेट वर्ल्ड कप सिगारेटच्या नावानं झाला, विल्स वर्ल्ड कप, त्यातली ऑस्ट्रेलिया-झिम्बाब्वे मॅच नागपूरला होती, मी स्टँडात होतो आणि चारी बाजूला तेच नाव. २००१ पर्यंत भारताच्या जर्सीवर सुद्धा ते होतं, सचिनच्या छातीवर. २००३ ला तंबाखूच्या जाहिरातीविरुद्ध कायदा झाला, महाराष्ट्रात २०१२ ला गुटखा बंद झाला, तर आता पान मसाल्याच्या त्याच नावाची वेलची मॅचमध्ये दाखवतात. पाहणाऱ्याला काय आठवायचं ते आठवतं. आपल्या भागात पन्नीत घोटलेला खर्रा खाऊन तोंड उघडत नाही अशी माणसं तुझ्या गल्लीत असतील, माझ्या शाळेतला एक शिपाई तसाच गेला, शेवटी त्याला पातळ वरण सुद्धा जात नव्हतं. त्या दुकानाचं नाव तुमच्या बारा पोरींच्या पाठीवर नको.

मॅडमला म्हण की जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं क्रीडांगण विकासाच्या अनुदानाची योजना आहे, मुख्याध्यापकांच्या सहीनं अर्ज जातो, तो आधी करा. जर्सीसाठी गावातला कृषी केंद्रवाला, दूध डेअरी, बचत गट, यांना विचारा, त्यांचं नाव आनंदानं टाका. तोवर मातीचं मैदान नीट करा, मुलींचं १२ बाय ८ मीटर असतं, वरची चार बोटं माती कुदळून खडे वेचून काढायचे, संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी रोलर नाही तर भरलेला ड्रम फिरवायचा. आणि मॅटची सवय म्हणून आठवड्यातून दोन दिवस बूट घालून शाळेच्या फरशीच्या व्हरांड्यात नुसता फूटवर्कचा सराव करा, टॅकल नाही, फक्त वळणं आणि थांबणं, गुडघे वाकवून. तुम्ही घसरता ते थांबताना घसरता. जिल्ह्याची तारीख कधी आहे ते कळव, जमलं तर मी मैदानाच्या कडेला उभा असेन.